पडद्यामागची धग

मराठी घरांत ‘आयटिस’ हा शब्द कुणी शिकवत नाही, तरी तो सगळ्यांना येतो. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, आर्थ्रायटिस, गॅस्ट्रायटिस. शेपूट तेच, धड तेवढे बदलते. या ग्रीक शेपटाचा वैद्यकातला अर्थ ठरलेला आहे : दाह. लाली, सूज, उष्णता आणि ठणका. सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात या चार खुणा लिहून ठेवल्या आणि आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला त्या पाठ कराव्या लागतात.

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला जे होते, त्यालाही एके काळी हेच शेपूट होते. एकोणिसाव्या शतकातले नेत्रवैद्य त्याला ‘डायबेटिक रेटिनायटिस’ म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते शेपूट कापले गेले आणि तिथे ‘पॅथी’ लागली. रेटिनोपॅथी, म्हणजे पडद्याचा विकार. कसला विकार, कशामुळे, याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. म्हणूनच तो सगळ्यांना सोयीचा वाटला. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कापलेले शेपूट पालीच्या शेपटासारखे पुन्हा उगवू लागले आहे. दाह होताच, फक्त तो दिसला नव्हता, असे आता अनेक संशोधक म्हणतात. मग रक्तातल्या दाहाच्या खुणांवरून डोळ्याची हालहवाल कळेल का, हा प्रश्न ओघानेच आला. त्याचे उत्तर मात्र कुणाला वाटले होते तेवढे सरळ निघाले नाही.

गोष्ट सुरू होते ती डोळ्याच्या आत डोकावता येऊ लागले तिथून. त्याआधी आतल्या बाजूने दृष्टी गेलेल्या रोग्याला तपासताना त्यालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही, अशी थट्टा नेत्रवैद्य स्वतःचीच करत. गणकयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बॅबेजने १८४७ मध्ये आत पाहण्याचा एक छोटा आरसा बनवला होता. पण ज्या नेत्रवैद्याला त्याने तो दाखवला, त्याला त्याचे महत्त्वच उमगले नाही. श्रेय गेले क्योनिग्सबर्गच्या हेरमान फॉन हेल्महोल्ट्झकडे. विद्यार्थ्यांना प्रकाशाचे गणित समजावताना त्याला ही कल्पना सुचली आणि १८५१ मध्ये त्याने आपला नेत्रदर्शक जगापुढे ठेवला. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न कापता, उघड्या, वाहत्या अवस्थेत पाहता येतील अशा शरीरात फार थोड्या जागा आहेत, आणि त्यांतल्या एकीचे दार तेव्हा उघडले.

व्हिएन्नाचा एडुआर्ड येगर हा त्या दारातून सर्वांत चिकाटीने पाहणाऱ्यांपैकी एक. जवळचे वाचायला लावणारे, लहान-मोठ्या अक्षरांतल्या उताऱ्यांचे तक्ते १८५४ मध्ये त्यानेच छापले. तो चित्रकारही होता. तेव्हा पडद्याचा फोटो काढण्याची सोय नव्हती, म्हणून तो रोग्याला समोर बसवून, नेत्रदर्शकातून पाहत, एकेक रक्तवाहिनी रंगात उतरवे. एकेका चित्रामागे तासन्‌तास जात. अशाच एका मधुमेही रोग्याच्या पडद्याच्या मध्यभागी त्याला पिवळसर ठिपके आणि रक्तस्रावाचे डाग दिसले. १८५५ च्या सुमारास त्याने ते प्रसिद्ध केले.

लगेच वाद पेटला. बर्लिनचे आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे म्हणजे त्या काळच्या नेत्रवैद्यकाचे सर्वोच्च न्यायालय. मधुमेहाचा आणि या डागांचा संबंध सिद्ध झालेला नाही, असे त्यांचे म्हणणे. हट्ट म्हणून ते सोडून देता येत नाही, कारण मूत्रपिंडाच्या विकारातही पडद्यावर जवळजवळ तसेच डाग दिसत आणि मधुमेह्यांची मूत्रपिंडे तर बिघडलेली असतच. मग दोष साखरेचा की मूत्रपिंडाचा? हा गुंता पुढची सत्तर-ऐंशी वर्षे सुटला नाही.

दरम्यान पुरावा मात्र साचत गेला. लंडनमध्ये एडवर्ड नेटलशिपने १८७२ मध्ये मधुमेह्याच्या पडद्यातली सूज वर्णन केली. १८७६ मध्ये विल्हेल्म मान्त्सने पडद्यावरून डोळ्याच्या पोकळीत शिरणाऱ्या नव्या वाहिन्या आणि तंतूंचे जाळे दाखवले. १८७९ मध्ये स्टीफन मॅकेन्झी आणि नेटलशिप यांनी एका मृत रोग्याच्या पडद्यात सूक्ष्म वाहिन्यांवर आलेले इवलेसे फुगे पाहिले. सायकलच्या जुन्या ट्यूबला कमकुवत जागी फुगवटा यावा, तसे. जिवंत डोळ्यात तेच लाल ठिपके म्हणून दिसतात. शेवटी १८९० मध्ये बर्लिनच्याच युलिउस हिर्शबर्गने हा मधुमेहाचा स्वतःचा, वेगळा पडदाविकार आहे असे ठामपणे मांडून त्याचे प्रकारही पाडले.

या सगळ्यांनी त्याला ‘रेटिनायटिस’ का म्हटले? खरे कारण तसे साधे आहे. सूज आणि स्राव दिसला की त्या काळी ‘आयटिस’ लावण्याचा रिवाजच होता. दाहाचे सैनिक, म्हणजे पांढऱ्या पेशी, तिथे आहेत की नाहीत, हे कुणी तपासून नाव ठेवले नव्हते. शिवाय सेल्ससच्या चार खुणांपैकी चौथी, म्हणजे वेदना, इथे कधी नसतेच. डोळ्याच्या पडद्याला दुखणे कळवणाऱ्या नसाच नाहीत. तो जळत असला तरी ओरडत नाही. मधुमेही माणूस दृष्टी अधू होईपर्यंत डॉक्टरकडे येत नाही, त्याचे मूळ इथे आहे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. औषध अशुद्ध होते, काही साधले नाही. बारा दिवसांनी दुसरे दिले आणि मुलगा सावरला. तोवर लहान वयात मधुमेह झालेले मूल एक-दोन वर्षांत जाई. पडदा बिघडायला लागणारा वेळ त्याच्या आयुष्यात नव्हताच. इन्सुलिनने त्याला वर्षे दिली आणि त्या वर्षांबरोबर हा आजारही पदरात घातला. इन्सुलिनच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॅगनर आणि वाइल्डर यांनी ‘रेटिनायटिस’ हाच शब्द शीर्षकात ठेवून लेख लिहिला आणि दोष मधुमेहापेक्षा रक्तवाहिन्यांच्या विकाराचा, असा कौल दिला. पण पुढच्या दोन दशकांत, रक्तदाब नाही, मूत्रपिंडे ठणठणीत, तरी पडदा डागाळलेला, असे तरुण मधुमेही इतके दिसू लागले की कौल फिरवावा लागला.

शेपूट कापले गेले ते याच काळात. ग्लासगोत आर्थर बॅलंटाइन आणि लोवेनस्टाइन यांनी १९४३ मध्ये मृत मधुमेह्यांचे पडदे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांना दिसले ते वाहिन्यांच्या भिंतींचे बिघाड, तेच फुगे, गळती. पू नाही, पांढऱ्या पेशींचे लोंढे नाहीत. मग ‘आयटिस’ कशाला? १९६०-६१ मध्ये बॉस्टनच्या कुवाबारा आणि कोगन यांनी तर कमालच केली. ट्रिप्सिन या पाचक रसात पडदा भिजवून त्यांनी बाकीचा सगळा गर धुऊन काढला. उरले फक्त वाहिन्यांचे जाळे. वहीच्या पानांत ठेवलेले पिंपळाचे जाळीदार पान आठवावे. त्या जाळीत वाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरून पडल्या होत्या आणि काही वाहिन्या निव्वळ रिकाम्या नळ्या झाल्या होत्या. सगळे लक्ष नळांच्या भिंतीकडे लागले. नळातून वाहते काय, हा प्रश्न मागे पडला.

वाहत्या रक्ताची चौकशी दुसऱ्याच खोलीत चालू होती.

कोणत्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत आजही एक लाकडी किंवा धातूचे स्टँड दिसते, त्यात उभ्या काचेच्या बारीक नळ्या. ‘ईएसआर लावलाय’ असे तिथला तंत्रज्ञ सांगतो. सायट्रेट मिसळून न गोठणारे केलेले रक्त नळीत भरायचे, नळी अगदी सरळ उभी करायची आणि तासभर हात लावायचा नाही. तांबड्या पेशी हळूहळू तळाला बसतात, वर पिवळसर पाणी मोकळे होते. तासाला किती मिलिमीटर उतरले, ते लिहायचे. वॉर्सॉच्या एडमंड बिएर्नात्स्कीने १८९७ मध्ये या उतरण्याचा आजाराशी संबंध जोडला होता. १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेउसला गर्भवतींच्या रक्तात पेशी झपाट्याने बसताना दिसल्या आणि ही गर्भधारणेची चाचणी ठरेल असे त्याला वाटले. ती ठरली नाही. पण आल्फ वेस्टरग्रेनने १९२१ मध्ये क्षयरोग्यांवर तीच रीत वापरली आणि आजही स्टँडमधल्या नळीला त्याचेच नाव आहे. कारण असे की दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिने वाढतात, तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि चळत एकट्या नाण्यापेक्षा लवकर बुडते.

दुसरी खूण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सापडली. १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तद्रवात न्यूमोनियाच्याच जंतूपासून काढलेले निरनिराळे अंश मिसळून पाहत होते. त्यातल्या ‘सी’ नावाच्या अंशाने आजार भरात असलेल्या रोग्याचा रक्तद्रव गढूळ होई. ताप उतरून रोगी बरा झाला की तोच रक्तद्रव पुन्हा नितळ राही. म्हणजे आजारपणात रक्तात काहीतरी येते आणि बरे वाटल्यावर निघून जाते. ते प्रथिन आहे, हे १९४१ मध्ये ऑस्वल्ड एव्हरीच्या प्रयोगशाळेत कळले. तेच सीआरपी, म्हणजे ‘सी’ला प्रतिसाद देणारे प्रथिन. योगायोग असा की इन्सुलिनचा पहिला मानकरी लेनर्ड थॉम्प्सन १९३५ मध्ये न्यूमोनियानेच गेला.

मधुमेह्यांच्या रक्ताबद्दल १९५० च्या दशकापासून कुरकुर सुरू झाली होती. योर्न डिट्झेल या डॅनिश डॉक्टरने १९५४ मध्ये मधुमेह्यांच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागातल्या बारीक वाहिन्या पाहून त्यांतले बदल नोंदवले. पुढे इतरांनी मधुमेह्यांच्या रक्ताचा घट्टपणा आणि त्यातले फायब्रिनोजेन मोजले. दोन्ही वाढलेले निघाले. पण याला कुणी ‘दाह’ म्हटले नाही. ‘घट्ट रक्त’ म्हटले आणि पुढे गेले.

मग आली १९६४ सालची एक छोटी, नजरेतून सुटण्यासारखी नोंद. ‘लॅन्सेट’मध्ये पॉवेल आणि फील्ड यांनी लिहिले की मधुमेहाबरोबर संधिवातही असलेल्या रोग्यांत पडद्याचा विकार कमी दिसतो. हे लोक सांध्यांसाठी वर्षानुवर्षे सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातली औषधे, घेत होते. जुन्या जाणत्यांना यातून आणखी एक धागा आठवला असता. जर्मनीत एब्स्टाइनने १८७६ मध्ये आणि मँचेस्टरच्या आर. टी. विल्यमसनने १९०१ मध्ये सोडियम सॅलिसिलेट देऊन मधुमेह्यांच्या लघवीतली साखर उतरवली होती. इन्सुलिन आले आणि ते सगळे अडगळीत गेले. दाह शमवणारे औषध साखर उतरवते आणि पडदाही जपते! हे दोन धागे एकत्र विणले असते, तर ‘आयटिस’ तीस वर्षे आधी परतला असता, असे वाटल्यावाचून राहत नाही. (इतिहास लिहिणाऱ्याला असे वाटायला काही लागत नाही, म्हणा.)

त्या काळी नेत्रवैद्य हताश होते आणि हताशपणातून काय काय निघते ते पाहण्यासारखे आहे. बाळंतपणात मस्तकातली पिट्युटरी ग्रंथी निकामी झालेल्या एका मधुमेही स्त्रीचा पडदा सुधारल्याचे डेन्मार्कच्या पोल्सेनने १९५३ मध्ये कळवले. त्यावरून पडदा वाचवण्यासाठी रोग्यांची पिट्युटरी काढून टाकण्याच्या किंवा किरणोत्सर्गाने जाळण्याच्या शस्त्रक्रिया युरोप-अमेरिकेत जवळजवळ दोन दशके चालल्या. दुसरीकडे जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराटने १९४५ च्या सूर्यग्रहणात डोळा भाजलेला रोगी पाहून उन्हानेच पडद्याला मुद्दाम डाग देण्याचा मार्ग काढला. त्यातूनच पुढे लेझर आले. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवले की लेझरने दृष्टी गंभीरपणे अधू होण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. ‘लेझर मारून घेतले’ हे वाक्य आपल्याकडच्या मधुमेह्यांच्या तोंडी आले ते त्यानंतर. पिट्युटरीच्या शस्त्रक्रिया बंद पडल्या.

ॲस्पिरिनची परीक्षा १९८० च्या दशकात झाली. ईटीडीआरएस नावाच्या अमेरिकी चाचणीत ३,७११ मधुमेह्यांना घेतले. निम्म्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना खोटी गोळी. १९९१ मध्ये निकाल लागला : पडद्याला फायदा नाही, तोटाही नाही. विषय मिटला असे सर्वांनी मानले. एक बारीक गोष्ट मात्र निसटली. संधिवाताचे जुने रोगी रोज कित्येक ग्रॅम सॅलिसिलेट घेत. दाह दबतो तो तेवढ्या मात्रेने. ६५० मिलिग्रॅमने रक्ताच्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटायच्या थांबतात, पण दाह जवळपास तसाच राहतो. चाचणीने रक्त गोठण्याच्या कल्पनेची परीक्षा घेतली; दाहाची घेतलीच नाही. पुढे अमेरिकेत टिमथी कर्न यांच्या गटाने मधुमेही उंदरांना सॅलिसिलेटच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा पडद्याच्या वाहिन्या टिकल्या. माणसाला आयुष्यभर तेवढी मात्रा द्यायची तर आधी पोट रक्ताळेल, म्हणून तो मार्ग तिथेच थांबला.

आणि नेमक्या १९९१ मध्येच, जेव्हा ॲस्पिरिनची फाइल बंद झाली, तेव्हा दाहाची उघडली. सॅन डिएगोतल्या एका गटात गीर्ट श्मिड-श्योनबाइन हा जैव-अभियंता होता. रक्ताकडे तो वाहतुकीच्या नजरेने पाहणारा. मधुमेही उंदरांच्या पडद्यात या गटाला बारीक वाहिन्यांची तोंडे बुजवून बसलेल्या पांढऱ्या पेशी दिसल्या. पडद्यातल्या सर्वांत बारीक वाहिनीचा व्यास साधारण ५ मायक्रॉन. पांढरी पेशी त्याहून मोठी, आणि तांबडीसारखी लवचिक नाही. एरवी ती अंग चोरून निघून जाते. पण चिडलेली, फुगलेली, भिंतीला चिकटायला आतुर झालेली पांढरी पेशी म्हणजे पुण्यातल्या पेठेच्या बोळात शिरलेला मालाने भरलेला टेम्पो. मागची सगळी वाहतूक ठप्प. त्या पलीकडच्या पडद्याला रक्त नाही, प्राणवायू नाही.

बॅलंटाइनला हे का दिसले नव्हते? कारण त्याने लोंढे शोधले होते. इथे लोंढा नव्हताच. इकडे एक, तिकडे दोन, नेमक्या नाक्यावर अडकलेल्या पेशी होत्या. १९९५ मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांना मृत मधुमेही माणसांच्या पडद्यातही वाहिन्यांच्या भिंतीवर पांढऱ्या पेशी धरून ठेवणारे आयकॅम-१ नावाचे चिकट प्रथिन वाढलेले सापडले. १९९९ मध्ये बॉस्टनला अँथनी अडॅमिस यांच्या प्रयोगशाळेत हे प्रथिन प्रतिपिंडाने झाकले, तेव्हा उंदरांच्या पडद्यात अडकणाऱ्या पेशी जवळजवळ निम्म्यावर आल्या आणि वाहिन्यांची गळती त्याहूनही जास्त घटली. हे सगळे मधुमेह होऊन आठवडाभरच झालेल्या उंदरांत, म्हणजे डोळ्यात डाग पडायच्या कितीतरी आधी. २००२ मध्ये अडॅमिस यांनी एका संपादकीयाच्या शीर्षकातच विचारले, मधुमेहातला पडदाविकार हा दाहाचा आजार आहे का? शेपूट प्रश्नचिन्हासह परतले.

मग रक्ताकडे पुन्हा नजरा वळल्या. सीआरपीची अतिसूक्ष्म मात्रा मोजता येऊ लागली होती आणि हृदयविकाराच्या अभ्यासांनी तिला प्रतिष्ठा दिली होती. नेदरलँड्समधल्या होर्न गावच्या अभ्यासाने २००५ मध्ये दाखवले की दाहाच्या खुणा जास्त असलेल्यांत पडद्याचा विकार अधिक. युरोपातल्या टाइप-१ मधुमेह्यांच्या मोठ्या अभ्यासातही तसेच. चित्र जुळले असे वाटत असतानाच २०१० मध्ये सिंगापूरच्या मलय लोकांच्या अभ्यासाने पाचर मारली. तिथे, विशेषतः स्थूल माणसांत, सीआरपी जास्त असलेल्यांत पडद्याचा विकार उलट कमी निघाला.

या गोंधळाचा एक पदर पुण्याशी जुळतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही सडपातळ म्हणतो आणि एकाबाबतीत चुकतो. विशेष म्हणजे याच युडकिन यांनी १९९९ मध्ये मांडले होते की निरोगी माणसात सीआरपी वाढण्यामागे शरीरातल्या चरबीतून सुटणारी दाहक रसायने असावीत. याज्ञिकांच्या गटाने पुढे पुणे परिसरातल्या खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष शेजारी ठेवून चरबी, दाह आणि साखर यांचा एकत्र अभ्यास केला. तो २००८ मध्ये आला. त्याआधी २००१ मध्ये लंडनमधल्या भारतीय वंशाच्या लोकांत सीआरपी गोऱ्यांपेक्षा जास्त आढळले होते आणि त्याचे बरेचसे उत्तर पोटाच्या घेरात होते. थोडक्यात, आपल्या माणसाच्या रक्तात जी धग मोजली जाते, तिचा मोठा वाटा पोटावर पेटलेला असतो.

आणि इथेच सीआरपीची अडचण आहे. ते बनते यकृतात. हिरडी सुजली, पायाला जखम झाली, सिगारेट ओढली, साधा ताप आला, पोट सुटले, सगळ्याची वर्दी एकाच यकृताकडे जाते आणि एकच घंटा वाजते. ईएसआरचे तर आणखी कठीण; वय वाढले, रक्त कमी झाले, मूत्रपिंडे दमली, तरी तो चढतो, आणि जुन्या मधुमेह्यात हे सगळे असतेच. पडदा तर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. एवढ्याशा पडद्यावरची आग गावाच्या घंटेत ऐकू यावी कशी? शिवाय मेंदूसारखाच पडद्यालाही रक्तापासून वेगळे ठेवणारा एक पहारा असतो. सुरुवातीला तो शाबूत असतो आणि आतली भांडणे आतच राहतात.

ती आतच पेटलेली असतात, हे कळले एका टाकाऊ गोष्टीमुळे. १९७० च्या सुमारास मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्याच्या पोकळीतला रक्ताने गढूळ झालेला जेलीसारखा द्रव कापून, शोषून बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया बसवली. तोवर तो द्रव जिवंत माणसातून क्वचितच मिळे. आता दर शस्त्रक्रियेनंतर भांड्यात दोन-चार मिलिलिटर उरू लागला. पुढे संशोधकांनी तो फेकून न देता तपासला. इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारी रसायने त्यात भरपूर, आणि अनेकदा त्याच रोग्याच्या रक्तापेक्षा जास्त. रक्ताचा रिपोर्ट थंड आणि डोळा आतून तापलेला, असेही घडते.

उपचारांत दाहाची कल्पना केव्हाच शिरली आहे. सांध्यात टोचायचे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड या शतकाच्या सुरुवातीला थेट डोळ्यात टोचले जाऊ लागले. सूज झरझर उतरे, पण मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब ही किंमत जबर होती. आज डोळ्यात टोचतात ती मुख्यतः वाहिन्या वाढवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला बांधून ठेवणारी औषधे. हे व्हीईजीएफ भिंतीवरचा चिकटपणाही वाढवते, म्हणजे तेही दाहाच्या घरचेच. सगळ्यांत मजेशीर उदाहरण फेनोफायब्रेटचे. ट्रायग्लिसराइड उतरवणारी ही जुनी गोळी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमधल्या ९,७९५ मधुमेह्यांना ती हृदयासाठी दिली गेली. हृदयाचा मुख्य हिशेब काही लागला नाही, पण २००७ मध्ये दिसले की लेझरची गरज जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटली आणि ते घटणे चरबीच्या आकड्यांशी जुळत नव्हते. २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या चाचणीत पडद्याचा विकार पुढे सरकण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी भरले. ती नेमके काय करते, याच्या उत्तरांत दाह शमवणे हे एक आहे.

या सगळ्यात साखर बाजूला पडलेली नाही. १९९३ च्या डीसीसीटी चाचणीत १,४४१ टाइप-१ मधुमेही होते. त्यांपैकी ज्यांचा पडदा तोवर चांगला होता, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्याने विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी उतरला. दाहाच्या कुठल्याही औषधाने अजून असा आकडा दाखवलेला नाही.

आता पडद्याच्या दवाखान्यातल्या कुठल्याही सकाळी डोकवावे. बाकांवर रांगेने माणसे डोळे मिटून बसलेली. परिचारिका दर दहा मिनिटांनी येऊन ‘वर बघा आजोबा’ म्हणत थेंब घालते आणि कापसाचा बोळा हातात देते. मुलाच्या मांडीवर फाइल. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आहे, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आहे, ईएसआर आहे, सीआरपी आहे. ‘डॉक्टर, ह्यांचा सीआरपी वाढलाय. म्हणजे डोळ्याचंच ना?’ डॉक्टर रिपोर्टवरून नजर फिरवतात आणि विचारतात, ‘दात दुखतोय का हो?’ निघते तेही खरे. अलीकडे सीबीसीतल्याच दोन आकड्यांचा भागाकार, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन जातींच्या पांढऱ्या पेशींचे प्रमाण, पडद्याच्या विकाराशी जोडणारे निबंध तुर्कस्तान, चीन आणि भारतातून धडाधड येत आहेत. स्वस्तातल्या तपासणीतून फुकट मिळणारा आकडा, मोह होणारच. हजार माणसांच्या सरासरीत तो काही सांगतो. समोर बसलेल्या आजोबांच्या उजव्या डोळ्याबद्दल त्याला काही विचारता येत नाही.

आयसीएमआरच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि नेत्रतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने २०१४ मध्ये तपासलेल्यांत २१.७ टक्क्यांच्या पडद्यात विकार होता. एवढ्यांच्या डोळ्यांत डोकावायला नेत्रतज्ज्ञ पुरणार कुठून? मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत याचा एक प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१९ मध्ये आले. साखर तपासायला आलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर आरोग्य कर्मचाऱ्याने स्मार्टफोनला जोडलेला कॅमेरा धरायचा, फोटो काढायचा आणि इंटरनेट नसले तरी फोननेच तिथल्या तिथे सांगायचे : पुढे पाठवा किंवा नको. त्याला रक्त लागत नाही. येगर तासन्‌तास रंगवत बसे तोच पडदा तो क्षणात टिपतो, आणि त्यात शोधतो ते मॅकेन्झी आणि नेटलशिप यांच्या फुग्यांचे लाल ठिपके.